‘बस’ म्हणजे काय?

बाजी घरात येऊन तीन आठवडे झाले होते. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. हे सोफ्यावर बसून बातम्या बघत होते, मी आत भाकरी थापत होते. बाहेर धप्पकन काहीतरी आदळल्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर बाजी सोफ्यावर चढलेला आणि हे त्याच्या कानामागं खाजवतायत. मी पिठाच्या हातानंच दारात येऊन ओरडले, “बस! बाजी, बस!” बाजीनं माझ्याकडं पाहिलं, कान मागं घेतले आणि होता तिथंच, सोफ्यावरच, ढुंगण टेकवून बसला. मग माझ्या हाताकडं बघत राहिला.

“बघा, ऐकतच नाही हे कुत्रं,” मी म्हणाले.

“अगं, ऐकलं की. तू ‘बस’ म्हणालीस, तो बसला.”

खरंच होतं ते. तीन आठवडे हे रोज सकाळी गच्चीवर त्याला भाकरीचा तुकडा दाखवून ‘बस’ शिकवत होते. माझ्या तोंडी मात्र ‘बस’ म्हणजे ‘पुरे झालं’. भुंकायला लागला की बस, चप्पल ओढली की बस, दाराशी नाचायला लागला की बस. बाजीनं त्याला शिकवलेला एकुलता एक अर्थ धरला होता आणि माझ्या हातात तुकडा आहे का ते तो पाहत होता. चूक कुणाची असेल तर ती आम्हा दोघांची होती. आम्ही एकाच घरात एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होतो आणि हे तीन आठवडे आमच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्या रात्रीपासून मी घरातले शब्द मोजायला लागले. ‘खाली’ म्हणजे सोफ्यावरून उतर, आणि ‘खाली’ म्हणजेच आडवा हो. ‘चल’ म्हणजे फिरायला जाऊ, आणि ‘चल, हो तिकडं’ म्हणजे दूर हो. सासूबाई ‘यू यू’ करून बोलावायच्या, मी ‘ये रे’ म्हणायचे, यांनी यूट्यूबवर पाहून ‘कम’ सुरू केलं होतं. शेजारचा मुलगा गंमत म्हणून ‘छू’ म्हणायचा. भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्याला ‘हाड’ म्हणायच्या. नांदेडच्या घराघरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी रोजच्या बोलण्यात मिसळलेल्या असतात, कुठं तेलुगूही असते. माणसाला त्याचं काही वाटत नाही, आपण आगंमागं पाहून अर्थ लावतो. कुत्र्याला भाषा नसते. त्याला आवाज असतो आणि त्या आवाजानंतर काय घडतं ते असतं.

शब्द लक्षात ठेवण्यात मात्र कुत्रं कमी नाही. जर्मनीतल्या रिको नावाच्या बॉर्डर कोलीला दोनशेहून जास्त वस्तू नावानं ओळखता येत होत्या. त्याच्यावरचा अभ्यास २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पुढं अमेरिकेतल्या चेझर या कुत्रीनं १,०२२ खेळण्यांची नावं शिकून दाखवली. २०१६ साली बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांना स्कॅनरमध्ये शांत पडून राहायला शिकवलं आणि त्यांच्या मेंदूकडं पाहिलं. शाबासकीचा शब्द आणि शाबासकीचा सूर दोन्ही जुळले, तरच मेंदूतला सुखाचा भाग नीट जागा होत होता. म्हणजे कुत्रं शब्दही ऐकतं आणि सूरही. चेझरला हजार नावं जमली याचं एक मोठं कारण असं, की प्रत्येक नाव एकाच खेळण्याचं होतं. ते कधी बदललं नाही.

बाजी पश्मी आहे. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात जानवळ नावाचं गाव आहे, तिथून तो आणला. पश्मी आणि कारवानी कुत्र्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. लांबून लोक पिल्लं न्यायला तिथं येतात. पश्म म्हणजे फारसीत लोकर किंवा मऊ केस. ज्याच्या कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागं रेशमासारखी झालर असते तो पश्मी. ज्याचं अंग गुळगुळीत तो कारवानी. कारवानाबरोबर, म्हणजे तांड्याबरोबर आलेला. कर्नाटकातल्या मुधोळचं कुत्रं याच गोतावळ्यातलं. अंगानं सडसडीत, छाती खोल, पोट आत गेलेलं, तोंड लांबुळकं. ही कुत्री वासापेक्षा नजरेनं शिकार करतात. दूरवर ससा हलला की मालकाच्या हुकुमाची वाट न बघता सुटतात. शेकडो वर्षं माणसानं त्यांना निवडलंच या स्वतंत्र धावेसाठी. म्हणून अशा कुत्र्याला ‘हट्टी’ म्हणणं मला पटत नाही. वर ते मनानं हळवं असतं. आरडाओरडा केला की शिकत नाही, नुसतं अंग चोरतं.

जानवळसारख्या गावात शेतकऱ्याच्या घरी हीच कुत्री किती शहाण्यासारखी वागतात! ओसरीवर पडून राहतील, अंगणात फिरतील, शेतावर मागोमाग जातील, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाहीत. त्यांना कुणी शाळेत घातलेलं नसतं. पण त्या घरात आजोबांपासून चार वर्षांच्या नातीपर्यंत सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की कुत्रं उंबऱ्याच्या आत येत नाही. पिल्लानं पहिल्यांदा पाय आत टाकला तेव्हा आजीनं हटकलं, दुसऱ्यांदा सुनेनं, तिसऱ्यांदा नातीनं. चौथी खेप आली नाही. भाकरीही ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, घरातल्यांची जेवणं झाल्यावर मिळते. हे नियम कुणी बसून ठरवले नाहीत, ते रिवाजानं आले. कुत्र्याचा मानही तसाच रिवाजानं आला. आमच्या नांदेड जिल्ह्यातलं माहूर दत्ताचं, आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या सोबत कुत्रं असतं आणि तिथल्या यात्रेत घोडे, गाढवं, गुरांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. मान आहे, जागाही ठरलेली आहे.

फ्लॅटला उंबरा असतो तो नावाला. दुसऱ्या मजल्यावर ना ओसरी, ना अंगण. कुत्रं थेट हॉलमध्येच येतं. गावानं जे नियम फुकट दिले होते ते इथं नवरा-बायकोला स्वतः बोलून ठरवावे लागतात. आणि नेमकं तेच होत नाही. पिल्लाचं नाव ठरवायला आम्ही तीन दिवस घेतले. ते सोफ्यावर चढणार की नाही, यावर आमचं एक वाक्यही बोलणं झालं नव्हतं.

आता यात बिघडतं काय? एक लाड करतो, दुसरा रागावतो, एवढं तर मुलांच्या बाबतीतही चालतं. पण कुत्र्याच्या शिकण्याचा एक गुण असा आहे, की त्यानं या ‘एवढ्या’चं फार मोठं होतं. त्याची गोष्ट एका शनिवारची आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करत होते. उंदरानं दांडी दाबली की खाण्याची एक गोळी मिळायची. या गोळ्या स्किनर स्वतः बनवायचे आणि ते काम वेळखाऊ होतं. एका शनिवारी दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की आहेत त्या गोळ्या सोमवारपर्यंत पुरणार नाहीत. म्हणून त्यांनी दर दाबाला गोळी देणं थांबवलं आणि मिनिटाला एकच द्यायला सुरुवात केली. उंदीर दांडी दाबतच राहिले. त्यातून पुढं अभ्यासाची एक मोठी शाखा उभी राहिली. १९५७ साली स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवरच्या अशा प्रयोगांचा जाडजूड ग्रंथ काढला. बक्षीस दर वेळी मिळत असेल आणि एक दिवस बंद झालं, तर प्राणी लवकर नाद सोडतो. पण कधी मिळतं, कधी मिळत नाही, पुढचं केव्हा मिळेल ते सांगता येत नाही, अशी सवय लागली असेल तर बक्षीस बंद झाल्यावरही तो फार काळ तेच करत राहतो.

मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. सलग दोन वर्षं पाऊस दगा देतो, तरी तिसऱ्या वर्षी मृगाचे ढग दिसले की शेतकरी तिफण काढतोच. एखाद्या वर्षी साधलेलं पीक मनात असतं.

बाजीच्या बाजूनं पाहा. ताटाशी येऊन बसलं की मी काही देत नाही. हे चार दिवस देत नाहीत, पाचव्या दिवशी पोळीचा काठ टाकतात. आम्हाला वाटतं, चार दिवस नियम पाळला, एका दिवसानं काय होतंय? पण त्या एका काठानं बाजीला शिकवलं, की चार दिवस धीर धरला की मिळतं. म्हणजे नियम अजिबात नसता तर जेवढी सवय लागली असती, त्यापेक्षा चिवट सवय आम्ही दोघांनी मिळून लावत होतो. ‘आमचं कुत्रं ऐकनाच गेलंय’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ घरांत मी गेल्या दोन वर्षांत बसले आहे. बहुतेक ठिकाणी कुत्रं अगदी मन लावून ऐकत होतं. त्याला दोन घरांचं ऐकावं लागत होतं.

यासाठी आपल्याकडं नेमका शब्द आहे, धरसोड. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्री पाळणाऱ्या १,२०० हून जास्त लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २०१० साली निष्कर्ष छापले. मालकाच्या वागण्यात धरसोड जितकी जास्त, तितकं कुत्र्याचं आज्ञापालन कमी दिसलं. लहान चणीच्या कुत्र्यांच्या मालकांत ही धरसोड जास्त होती. प्रश्नावलीतून दोन गोष्टी बरोबरीनं दिसतात, एकीमुळंच दुसरी झाली असं सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण प्रयोगशाळेतल्या कबुतरांपासून व्हिएन्नातल्या घरांपर्यंत बोट एकाच दिशेला जातं.

नियम एकदा जुळवल्यावर दोघांचीही परीक्षा घेणारा एक आठवडा येतो. ताटातलं देणं दोघांनी खरंच बंद केलं, की कुत्रं आधी जास्त मागतं. पंजा मारतं, कुईकुई करतं, कधी नव्हे ते भुंकतं. सुटण्याआधी सवय एकदा उसळते. नेमक्या याच वेळी दोघांपैकी एकाचं मन विरघळतं, “देऊन टाक गं एवढासा, जीव खातोय.” दिला, की कुत्रं शिकतं ते असं, की नुसतं बसून भागत नाही, भुंकावं लागतं. हा आठवडा येणार हे दोघांनाही आधीच माहीत असेल, तर तो निभावतो.

धरसोडीतून आणखी एक वाईट गोष्ट निघते, ती म्हणजे मार. एकानं लाड केलेल्या गोष्टीबद्दल दुसरा रागावतो, कुत्रं ऐकत नाही म्हणून राग वाढतो आणि हात उठतो. ब्रिटनमध्ये २००४ साली छापलेल्या एका अभ्यासात ३६४ कुत्रेमालकांना विचारलं गेलं होतं. शिक्षा वापरणाऱ्यांची कुत्री जास्त आज्ञाधारक निघाली नाहीत, उलट शिक्षेबरोबर वागण्यातल्या अडचणीच जास्त दिसल्या. ‘पण चूक कळते त्याला, तोंड बघा कसं पाडतो’ असं आपण म्हणतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासलं. खाऊ पळवलेला असो वा नसो, मालक रागावला की कुत्रं तसं तोंड करायचं. ते पडलेलं तोंड आपल्या रागाला दिलेलं उत्तर असतं. संध्याकाळी कामावरून येऊन दुपारी फाडलेल्या उशीबद्दल मारलं, तर कुत्रं एवढंच शिकतं, की हा माणूस दारातून आला की सावध राहावं.

आम्ही दोघं त्या सोफ्याच्या रात्रीनंतर कागद-पेन घेऊन बसलो. दीड तास लागला. बोलणं बाजीवरून सुरू झालं, पण फार वेळ ते बाजीवर राहिलं नाही. यांच्या लहानपणी लोह्याकडच्या वाड्यात कुत्रं दारात बांधलेलं असायचं, त्याला कुणी हात लावायचं नाही. यांना त्याच्याशी खेळायची फार इच्छा व्हायची. म्हणून आता हात आवरत नाही. मला लहानपणी कुत्रं चावलं होतं, तेव्हाची इंजेक्शनं अजून आठवतात. म्हणून बाजीनं उडी मारली की माझा आवाज आपोआप चढतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण या दोन गोष्टी आम्ही एकमेकांना नीट सांगितल्या नव्हत्या. कुत्र्याच्या नियमांवरून नवरा-बायकोत होणाऱ्या भांडणाखाली बहुधा असंच काहीतरी असतं. ते बाहेर आल्याशिवाय नियम टिकत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियम कुणाचा धरायचा, कडक माणसाचा की सैल माणसाचा? माझं उत्तर असं, की जो नियम सैल माणसाला रोज पाळता येईल तोच धरावा. कडक माणसाला सैल नियम पाळणं जड जातं, पण जमतं. सैल माणसानं मारूनमुटकून घेतलेला कडक नियम आठवडाभरात फुटतो आणि फुटलेला नियम नसलेल्यापेक्षा वाईट, हे वर पाहिलंच. बाजी सोफ्यावर नको, हा माझा आग्रह. हात लावल्याशिवाय राहवत नाही, ही यांची अडचण. शेवटी ठरलं ते असं, की सोफा बंद, पण बातम्या बघताना हे खाली सतरंजीवर बसतील आणि बाजी त्यांच्याशेजारी. हात फिरवायचा तो तिथं. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंशांवर पारा जातो तेव्हा कूलरसमोरची तीच सतरंजी त्याची हक्काची जागा असते.

शब्दही वाटून घेतले आणि खाण्याचंही ठरवलं. ताटातलं देणं बंद, पण जेवण झाल्यावर त्याच्या भांड्यात भाकरीचा चतकोर, तोही एकाच माणसानं. हा चतकोर सासूबाईंकडं दिला. त्या आधी चोरून द्यायच्या. घरात मुकं जनावर असताना त्याला टाकून जेवायचं नाही, हे त्यांच्या मनात पक्कं आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपल्या शेजारच्या नरसीच्या संताची. त्या मनाला ‘देऊ नका’ म्हणण्यात अर्थ नव्हता. “आई, रोज तुम्हीच द्या, पण जेवण झाल्यावर आणि त्याच्या भांड्यातच,” असं यांनी सांगितलं. तेव्हापासून ताटाखालून एक घास गेला नाही. कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखी असतात, हेही त्यांना तेव्हाच सांगितलं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर माणसं उगाच धास्तावतात. दोघांनी एकाच साच्यातून काढल्यासारखं वागायची गरज नसते. कुत्रं माणूस ओळखतं, जागाही ओळखतं. हे गच्चीवर त्याच्याशी दोरी ओढण्याचा खेळ खेळतात, मी खेळत नाही. बाजी माझ्याकडं कधी दोरी आणत नाही. वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, शेतात सगळे पंगतीला बसतात तेव्हा बाजी खोपीभोवती मोकळा फिरतो आणि चार जणांच्या हातचं खातो. दुसऱ्या दिवशी घरी तो ताटाशी येत नाही. शेत वेगळं, घर वेगळं, हे त्याला कळतं. घोटाळा होतो तो एकच माणूस, एकाच जागी, आज हो आणि उद्या नाही म्हणतो तेव्हा.

काही गोष्टी मात्र कुणाच्या स्वभावावर सोडता येत नाहीत. दार उघडल्यावर थांबणं ही पहिली. नजरेनं शिकार करणारं कुत्रं एकदा मांजरामागं सुटलं, की हाकेला येत नाही आणि खाली रस्ता असतो. आमच्याकडं दोघंही, घाईत असलो तरी, ‘थांब’ म्हणून, तो थांबल्यावरच दार पूर्ण उघडतो. दात लागला की खेळ तिथंच बंद, ही दुसरी. तिसरी लसीची. ही बाजीच्या बाबतीत आमच्याच हातून राहता राहता वाचली. तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस द्यायची होती. मला वाटलं हे नेऊन आले, यांना वाटलं मी नेलं. आठ दिवसांनी कार्ड पाहिलं तेव्हा जागा कोरी. तेव्हापासून लसीची तारीख आणि नेणाऱ्याचं नाव दोन्ही आधीच लिहून ठेवतो. दरवर्षीचा डोसही तसाच. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर इलाज नाही.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपानं मांडला. पिल्लू माणसांशी आणि जगाशी सगळ्यांत सहज जुळवून घेतं ते साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात, असं त्यांना दिसलं. जानवळहून किंवा आणखी कुठून आणलेलं पिल्लू आपल्या दारात येतं तेव्हा ते सहसा दोन महिन्यांचं असतं. म्हणजे हातात चारच आठवडे उरतात, आणि आम्ही त्यांतले तीन ‘बस’मध्ये घालवले.

म्हणून पिल्लू आणायला निघण्याच्या आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, दोघं बसा. घरात थोरली माणसं असतील तर त्यांनाही बोलवा. कुठं झोपणार, कुठं चढणार नाही, कोण किती वाजता खायला देणार, दारात काय म्हणायचं, एवढं एका कागदावर लिहा आणि प्रत्येक शब्द एकाच अर्थानं वापरायचा हे ठरवा. आमचा कागद दोन वर्षं झाली, फ्रीजवर चिकटवलेला आहे. त्यावरची पहिली ओळ यांच्या अक्षरात आहे: ‘बस’ म्हणजे बस. मी आता ‘पुरे’ म्हणते.